दुखत नाही म्हणून थांबू नका : उतारवयातली दात-हिरड्यांची निगा

माझ्या आईची खालची दाढ एका रात्रीत तुटली. काही कडक खाल्लं नव्हतं, कुठे आपटली नव्हती. सकाळी चूळ भरताना तुकडाच हातात आला. एक्स-रे काढल्यावर कळलं की हिरडीलगत कीड दाढेला चारी बाजूंनी कुरतडत होती आणि ते काही आठवड्याभराचं काम नव्हतं. "दुखलं असतं तर मी सांगितलं नसतं का?" आई म्हणाली. तिचं खरं होतं. वय वाढतं तशी दाताच्या आतली नसेची पोकळी थरावर थर चढून अरुंद होत जाते. तरुणपणी जी कीड रात्रभर जागवते, तीच सत्तरीत गुपचूप दात पोखरते. हिरड्यांचा आजार तर कोणत्याही वयात फारसा दुखत नाही.

म्हणून उतारवयात दातांची काळजी दुखण्यावर सोडून चालत नाही, ती कॅलेंडरवर ठेवावी लागते. आपल्या स्वतःच्या किंवा घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे जे आता पहिल्यांदाच लक्ष द्यायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. "वय झालं की दात जायचेच" असं आपण सहज म्हणून जातो. जपानमध्ये १९८९ साली "८०२०" ही मोहीम सुरू झाली : ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात. तेव्हा ते गाठणारे अगदी थोडे होते, पण २०१६ च्या पाहणीत त्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठलेलं दिसलं. दात कीड आणि हिरड्यांच्या आजाराने जातात, आणि हे दोन्ही थोपवता येतात.

पहिली पायरी : आरशासमोर पाच मिनिटं

नवा ब्रश, नवी पेस्ट आणण्याआधी तोंड नीट बघा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. मी एक तारखेला बघते, म्हणजे विसरत नाही. हात धुवा, कवळी असेल तर काढून ठेवा, चष्मा लावा आणि मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तोंडात पाडा.

सगळ्यात आधी दात आणि हिरडी जिथे भेटतात ती कड बघा. हिरडी खाली सरकली असेल तर दाताच्या पांढऱ्या भागाखाली पिवळसर पट्टा दिसतो. ते दाताचं मूळ. त्यावर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून तिथे कीड लवकर लागते आणि वेगाने पसरते. या पट्ट्यावर तपकिरी, मऊसर डाग दिसला तर तो दुखत नसला तरी दाखवायलाच हवा. आईची दाढ गेली ती इथूनच.

मग हिरड्यांचा रंग बघा. लालभडक, सुजलेल्या, चकचकीत दिसताहेत का? दाबल्यावर रक्त किंवा पू येतो का? एखादा दात हलतो का, पूर्वी नव्हती अशी फट पडली आहे का? शेवटी गालांच्या आतली बाजू, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर वाट बघू नका. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांनी, आणि पूर्वी घेत होते त्यांनीही, ही तपासणी एकही महिना चुकवू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि त्याच टप्प्यावर सापडला तर उपचार सर्वांत सोपे असतात.

शंका आलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात तुलना करता येते आणि डॉक्टरांना दाखवायलाही बरं पडतं.

दुसरी पायरी : औषधांची यादी

दातांशी संबंध नाही असं वाटून ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण उतारवयात तोंडात जे बिघडतं त्यातलं बरंचसं गोळ्यांच्या डब्यातून आलेलं असतं. एका कागदावर सगळी औषधं लिहा, स्वतःहून घेतलेलीसुद्धा.

रक्तदाबाच्या, लघवीच्या तक्रारींच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनने किंवा फिट्सवरच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. दम्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर ओढत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

दोन प्रकारच्या औषधांबद्दल डेंटिस्टने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. एक, रक्त पातळ करणारी : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि तत्सम. दात काढायचा आहे म्हणून ही आपल्या मनाने बंद करू नका. दाताच्या रक्तस्रावापेक्षा गोळी बंद केल्याने होणारी गुठळी कितीतरी धोक्याची असते. काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून ठरवतील. दोन, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली : ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब. या औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. हे औषध वर्षातून एकदा सलाइनमधून किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शनने दिलेलं असलं की यादीत यायचं राहूनच जातं, कारण घरात त्याची गोळीच नसते. हे उपचार अजून सुरू व्हायचे असतील तर आधी दातांची कामं उरकून घेणं सगळ्यात चांगलं.

तिसरी पायरी : ब्रश धरायची पद्धत बदला

इतकी वर्षं दात घासतोय, आता काय शिकायचं, असं मलाही वाटलं होतं. पण तरुणपणी आपण दात घासतो. उतारवयात घासायची असते ती दात आणि हिरडीमधली कड, आणि तीही हलक्या हाताने. जोर लावला की स्वच्छ होतं हा भ्रम आहे. कडक ब्रशने आडवं खसाखसा घासून दाताच्या मानेशी खाचा पडतात आणि हिरडी आणखी खाली जाते.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्या. पेन धरतो तसा बोटांनी धरला तर जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या दिशेने तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवा. तिथल्या तिथे थरथरल्यासारखे छोटे हेलकावे द्या, दहा-पंधरा वेळा. मग ब्रश दाताच्या टोकाकडे फिरवत न्या आणि पुढच्या दोन दातांवर जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाहेरून, मग आतून, मग चावायची बाजू. रोज एकाच क्रमाने गेलं म्हणजे काही सुटत नाही. दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा, सवयीने आपण निम्म्याही वेळात आटोपतो.

दोन जागा हमखास राहतात आणि किटण तिथेच सगळ्यात जास्त साचतं : खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तिथे उघडतात आणि लाळेतल्या क्षारांनी चिकट थराचा दगड होतो. पुढच्या दातांमागे ब्रश उभा धरा. वरच्या दाढांसाठी तोंड अर्धवट मिटा, गाल सैल होतो आणि ब्रश मागे पोचतो. तोंडात एखादाच दात उरला असेल तर त्याच्या चारी बाजू घासा. शेजारचा दात गेला की त्या मोकळ्या बाजूकडे दुर्लक्ष होतं.

पेस्ट फ्लोराइडची हवी, वाटाण्याएवढी पुरे. पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते १००० ते १५०० पीपीएमच्या दरम्यान असावं. मुळांना वारंवार कीड लागत असेल तर ५००० पीपीएमची पेस्टही असते, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच. कोळशाची किंवा खरखरीत पूड उघड्या मुळांवर अजिबात लावू नका.

घासून झालं की फेस थुंका आणि तिथेच थांबा. लगेच खळखळून चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं. आईला हे पटायला महिना लागला. तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, ही तिची तक्रार. शेवटी पेस्ट आणखी कमी घेतली, तेव्हा जमलं.

दिवसातून दोनदा घासायचं, आणि त्यातलं एक चुकणारच असेल तर रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्री दातांवर राहिलेला थर सकाळपर्यंत बिनविरोध काम करतो. उलटी झाली किंवा आंबट काही खाल्लं तर मात्र आधी पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. आम्लाने मऊ पडलेला दाताचा थर तेवढ्या वेळात सावरतो.

सांध्यांमुळे बोटं मिटत नसतील, हात थरथरत असेल, तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून रबर लावा किंवा सायकलच्या हँडलची मूठ चढवा. इलेक्ट्रिक ब्रश अशा हातांना फार सोयीचा. त्याने घासायचं नसतं, एकेका दाताशी नुसता धरायचा असतो. उभं राहवत नसेल तर खुर्चीत बसा, समोर भांडं घ्या. केस वाकले की, किंवा तीन महिन्यांनी, ब्रश बदला.

आणि रक्त आलं म्हणून घासणं सोडू नका. हिरडीतून रक्त येणं म्हणजे बहुधा तिथे थर साचला आहे. हलक्या हाताने तीच जागा रोज साफ केली तर सुरुवातीच्या टप्प्यातली सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर ते काम ब्रशच्या आवाक्याबाहेरचं आहे.

चौथी पायरी : फटी

ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोचत नाहीत. हिरड्या खाली गेल्या की तिथे त्रिकोणी खिडक्या पडतात आणि त्यात अन्न अडकतं. दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉसपेक्षा) अशा फटींना बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे इंटरडेंटल ब्रश अधिक बरे. मापं वेगवेगळी असतात आणि एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. पहिल्यांदा डेंटिस्टकडूनच माप ठरवून घ्या. ब्रश अलगद जायला हवा, कोंबायचा नाही. पुढे-मागे चार-पाच वेळा, दिवसातून एकदा. जिथे दात अगदी चिकटून आहेत तिथे दोरा. पिन, सुई, काडेपेटीची काडी हे प्रकार बंद.

पाचवी पायरी : कोरडं तोंड

याकडे तक्रार म्हणून कुणी बघतच नाही. पाणी कमी प्यायले असेन, वय झालंय, असं म्हणून सोडून देतात. पण लाळ हे दातांचं खरं कवच आहे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल सौम्य करते, अन्नकण धुऊन नेते, दाताच्या पृष्ठभागातून निघालेलं कॅल्शियम परत बसवते. ती आटली की वर्षानुवर्षं ठणठणीत असलेल्या तोंडात काही महिन्यांत पाच-सहा दातांना कीड लागलेली मी पाहिली आहे.

कोरडेपणा ओळखायचा असा : कोरडा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, जीभ टाळूला चिकटते, बोलताना अडखळायला होतं, रात्री पाणी प्यायला उठावं लागतं, कवळी पूर्वीसारखी धरत नाही.

यावर पहिलं काम म्हणजे औषधांची यादी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणं. कधी गोळी बदलता येते, कधी मात्रा कमी होते, कधी वेळ बदलून भागतं. स्वतः बंद मात्र करायची नाही. पाणी एकदम ढसाढसा न पिता घोट-घोट घ्या, उशाशी ठेवा. दात धड असतील तर बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगगम चघळल्याने लाळ सुटते. तेवढ्याने भागत नसेल तर कृत्रिम लाळेचे जेल किंवा फवारे मिळतात. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा, तो आणखी कोरडं करतो.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, ती म्हणजे तोंड ओलं राहावं म्हणून गोड गोळी चघळत राहणं. गोड खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाळ कमी असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. दिवसभर दर तासाला अर्धी गोळी म्हणजे दातांना दिवसभर आंघोळच आम्लाची. गोड खायचं असेल तर जेवणासोबत एकदाच खा आणि मोकळे व्हा. खोकल्याचं औषध, पातळ टॉनिक यांतही साखर असते. झोपताना घेऊन तसंच झोपू नका, आणि बिनसाखरेचं मिळतं का ते विचारा.

सहावी पायरी : डेंटिस्टकडे

सहा महिन्यांनी एकदा. हिरड्यांचा आजार, मधुमेह किंवा कोरडं तोंड असेल तर तीन-चार महिन्यांनी. सगळे दात गेले असतील तरी वर्षातून एकदा जा, कारण गाल, जीभ, टाळू तपासायचे असतात.

जाताना औषधांची यादी न्या. हृदयाची झडप बदललेली असेल, पेसमेकर असेल, कर्करोगासाठी तोंडाला किंवा मानेला किरणोपचार झाले असतील, तर ते खुर्चीत बसायच्या आधी सांगा. मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या आणि नेहमीसारखं खाऊन, गोळी घेऊन जा. उपाशीपोटी जाऊ नका.

तिथे एक प्रश्न आवर्जून विचारा : "हिरडी दातापासून किती सुटली आहे, मोजून सांगाल का?" बारीक खुणांच्या सळईने हे मिलिमीटरमध्ये मोजतात. १ ते ३ ठीक. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर तिथे ब्रश पोचत नाही आणि हाड झिजण्याची भीती असते. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण झीज थांबवता येते. मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात : साखर वाढली की हिरड्या खराब होतात आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आटोक्यात येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आहे हे लक्षातच येत नाही.

"दात साफ करून घेतले आणि हलायला लागले" ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. किटण काढल्याने दात सैल होत नाही. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाचा थर दातांना एकमेकांशी जखडून ठेवत असतो. तो निघाला की आधीपासूनचं सैलपण जाणवतं. किटण राहू दिलं तर उरलेलं हाडही जातं.

"राहिलेले चार दात काढून पूर्ण कवळी करून टाकू" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालची कवळी वर्षागणिक सैल होते. दोन मुळं जरी शाबूत ठेवता आली तरी कवळीला आधार मिळतो. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवले असतील तर त्यांना कीड लागत नाही हे खरं, पण त्यांच्याभोवतीची हिरडी आणि हाड बिघडतं. त्यांनाही रोजचा ब्रश हवाच.

दाढ दुखली म्हणून ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका. ती गिळायची असते, हिरडीला भाजते.

सातवी पायरी : कवळी असेल तर

रात्री काढून ठेवायची. दिवसभर दबलेल्या हिरड्यांना मोकळीक लागते. चोवीस तास कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर लाल बुरशी धरते, आणि तीही दुखत नाही. ओठांचे कोपरे सारखे चिरत असतील तर त्यामागेही ही बुरशी किंवा झिजून बुटकी झालेली कवळी असू शकते.

धुताना बेसिनमध्ये पाणी भरा किंवा खाली टॉवेल पसरा, निसटली तर फुटणार नाही. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. टूथपेस्टने प्लास्टिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. उकळतं पाणी नको, कवळी वाकते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवू नका. कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभही मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने पुसा.

टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका. डेंटिस्टकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र थोडा वेळ घाला, म्हणजे नेमकी कुठे टोचते तो लाल डाग दिसतो. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर कवळीसाठी झाकणाची डबी आणि तिच्यावर नाव. कागदी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी कचऱ्यात जाते. आमची तशीच गेली आणि नवी होईपर्यंत घरात दोन महिने सगळं पातळ शिजत होतं.

आठवी पायरी : दुसऱ्याचं तोंड आपल्या हातात येतं तेव्हा

आंघोळ घालणं, केस विंचरणं एक वेळ जमतं. आईच्या तोंडात ब्रश घालायला माझा हात पहिले काही दिवस धजावत नव्हता. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे हे काम औषध देण्याइतकंच गरजेचं आहे.

जमेल तितकं त्यांनाच करू द्या. त्यांच्या हातात ब्रश द्या, त्यावर आपला हात ठेवा आणि सुरुवात करून द्या. ते जमत नसेल तर त्यांना बसतं करा आणि बाजूला किंवा मागे उभं राहून हनुवटीला आधार द्या. झोपूनच करायचं असेल तर डोकं उंच आणि एका कुशीला वळवलेलं हवं. उताणं कधीच नाही, ठसका लागतो. पेस्ट अगदी पुसटशी, पाणी थेंबभर, फेस स्वच्छ कापडाने टिपत राहायचा. एका ब्रशच्या दांड्याने गाल अलगद बाजूला धरा आणि दुसऱ्याने घासा. दातांच्या मध्ये बोट घालू नका. चावायचं त्यांच्या मनात नसतं, जबडा आपोआप मिटतो. ओठ कोरडे असतील तर आधी ओले करा, नाहीतर ताणताना चिरतात. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे जुन्या सवयीने वापरले जातात, ते नकोत : लिंबू आम्लधर्मी आणि ग्लिसरीन तोंड आणखी कोरडं करतं.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती तोंड घट्ट मिटून घेते तेव्हा झटापट करू नका. ब्रश दाखवा, आपण स्वतःचे दात घासून दाखवा, नाही जमलं तर अर्ध्या तासाने पुन्हा या. रोज एकच वेळ आणि एकच माणूस असेल तर विरोध कमी होतो. सकाळी वरचे, रात्री खालचे असं वाटून घेतलं तरी चालेल.

अशा माणसाला दुखलं तरी सांगता येत नाही. जेवायला नको म्हणणं, एकाच बाजूने चावणं, घास तोंडात धरून बसणं, गाल ओढणं, कवळी सारखी काढून टाकणं, चेहऱ्याजवळ हात नेला की चिडणं : यातलं काही अचानक सुरू झालं तर स्वभाव बदलला असं समजण्याआधी बॅटरी घ्या आणि तोंडात बघा.